आधी तरंगू द्या



परीक्षा झाल्या. आता जूनच्या मध्यापर्यंत मुलं घरी. वांगणी स्टेशनाबाहेर उन्हाळी शिबिरांच्या पाट्या लागल्या आहेत. चित्रकला, अबॅकस, नाच, स्केटिंग, हस्ताक्षर. सगळं चांगलंच आहे, त्यातलं काही बंद करा असं मी म्हणणार नाही. पण या पाट्या वाचताना मी दरवर्षी एकच वर्ग शोधते आणि तो दिसत नाही. मुलाला पाण्यावर तीस सेकंद उताणं तरंगायला शिकवणारा वर्ग. तीस सेकंद. हा आकडा मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण ऐकणाऱ्याच्या कानात पोहणं हाच शब्द शिरतो आणि तरंगणं राहून जातं.

आपल्या गावाला पाणी नवं नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली, हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते साऱ्या देशाने पाहिलं. पण पुराला सगळेच भितात. मी बोलतेय ते मे महिन्यातल्या शांत दिसणाऱ्या पाण्याबद्दल. सह्याद्रीतल्या कितीतरी नद्या आता कोरड्या पडल्यात आणि आपली उल्हास वाहते आहे. का वाहते? मावळात अडवलेलं आंध्रा नदीचं पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरतं, तिथून पेज नदीत आणि पेजेतून उल्हासमध्ये येतं. गेली शंभर वर्षं हे चाललं आहे. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या नदीचं पाणी वीजघराच्या वेळापत्रकाने कमीजास्त होतं. सकाळी मांडीएवढं होतं म्हणून ओळखीची झालेली जागा संध्याकाळी तशीच असेल, याचा काही भरवसा नाही. त्यात कुठे वाळू काढलेला खड्डा असतो, कुठे शेवाळ धरलेला कातळ. हे मुलाला कोण सांगणार? घरात बसून बसून कंटाळलेलं मूल भर उन्हात निघतं ते नदीकडेच.

पावसाळ्यात कोंडेश्वरला, भगीरथ धबधब्यावर, बारवीच्या बाजूला मनाईचे आदेश निघतात. निघायलाच हवेत. पण मनाईची पाटी मुलाला पाण्यात वर धरत नाही, हे आपण मोठ्यांनी समजून घ्यायला हवं.

आपल्या आजोबांच्या वेळी याची सोय होती. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक काकाच्या हातात, आणि पोराला विहिरीत ढकलायचं. ढकलण्याची ती रीत मला मान्य नाही, भ्यालेलं मूल काही शिकत नाही. पण गावातलं प्रत्येक मूल पाण्याला लागलंच पाहिजे, ही जबाबदारी त्या काकाने मानली होती. आता विहिरींवर जाळ्या आल्या. कुर्ला-घाटकोपरच्या खोल्या सोडून स्वस्त घर मिळालं म्हणून इथे आलेल्या घरांत तर आईवडिलांनाच पाण्याची सवय नाही. मग काका कुठून आणायचा? शिबिर ते यासाठीच.

आता तरंगणं म्हणजे काय ते सांगते. पुरी तळताना बघा. पुरी कढईत सोडली की आधी खाली जाते. मग आत वाफ धरते, फुगते आणि आपसूक वर येते. तिला कुणी ओढून वर आणत नाही. मुलाचंही तसंच. छातीत भरून श्वास धरला, अंग सैल सोडलं, कान पाण्यात गेले तरी घाबरलं नाही, की शरीर वर येतं. पुरीला झारा लावतो तो अलगद, दाबून धरत नाही. शिकवणाऱ्याचा हात मुलाच्या पाठीखाली तेवढाच हवा, आणि हळूच काढून घेता यायला हवा. फुटलेली पुरी तेल पिते आणि चपटी होते. मूल घाबरून किंचाळतं तेव्हा छातीतली हवा निघून जाते, पुढच्या श्वासाला पाणी आत जातं. आणखी एक, गृहिणींना हे सांगायलाच नको. कढईत एका वेळी किती पुऱ्या सोडता? मावतील तेवढ्याच ना? मग चाळीस मुलं आणि एक शिक्षक असा वर्ग कोणी काढला, तर तिथे मूल पाठवू नका. सुरुवातीला एका शिक्षकामागे चार-पाच मुलं, पुरे. आणि कणीक मुरल्याशिवाय पुरी लाटत नाहीत, तसं पहिले दोन-तीन दिवस मुलाला नुसतं पाण्यात उभं राहू द्या, तोंड बुडवू द्या, फुंकर मारून बुडबुडे काढू द्या. पालक काठावरून ओरडतात, “हात मार, पाय मार!” कृपा करून ओरडू नका. चार हात मारता येणारं मूल धीट होतं, खोलात जातं आणि दमतं. दमल्यावर उताणं होऊन पडून राहता आलं, तोंड वर ठेवून हाक मारता आली, तर मदत येईपर्यंत ते टिकतं. तीस सेकंद म्हटलं ते यासाठी.

हा आकडा माझ्या मनचा नाही. शेजारी बांगलादेशात तळी आणि ओढे घराघराच्या मागे. तिथे मुलांना तलाव बांधून नाही, गावातल्याच तळ्यात शिकवलं गेलं. बांबूचा मंच पाण्याखाली ठराविक खोलीवर बांधायचा, भोवती बांबूचं कुंपण, मूल छातीएवढ्या पाण्यात उभं. २५ मीटर जाता आलं आणि ३० सेकंद तरंगता आलं की मूल उत्तीर्ण. शिकलेल्या मुलांमध्ये बुडून जाणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं. आपल्या देशात अलीकडे दर वर्षी पस्तीस हजारांहून अधिक माणसं बुडून जातात. जागतिक आरोग्य संघटनेने जे उपाय सांगितले त्यात शाळकरी मुलांना पोहण्याची आणि पाण्यात सुरक्षित राहण्याची मूलभूत कौशल्यं शिकवणं आहेच.

ग्रामपंचायतीकडे तलाव मागायला गेलं की उत्तर मिळतं, मे महिन्यात हंड्याला पाणी नाही आणि तुम्हाला पोहायला हवं? उत्तर खोटं नाही. पण दादरच्या महात्मा गांधी स्मारक तलावाएवढं बांधकाम कुणी मागतच नाहीये. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, एक मीटर खोल टाकीला पन्नास हजार लिटर लागतात, दहा हजारांचे पाच टँकर. ते पाणी रोज फेकायचं नाही, गाळून आणि क्लोरीनची मात्रा मोजून वापरायचं, शेवटी झाडांना द्यायचं. तेही नको असेल तर गावतळ्यात बांबू बांधा. वाहत्या नदीत नको, आणि शेततळ्यात तर कधीच नको, त्याच्या प्लॅस्टिकवरून पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय निसटतो.

शिकवणारी माणसं? इथल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांमध्ये लहानपणापासून पाण्यात वावरलेले लोक आहेत. त्यांना नीट प्रशिक्षण द्या, नीट मानधन द्या, आणि सर म्हणा. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, तिथे वाड्यांवरच्या बायका शिकवतील. पंजाबी ड्रेस घालून तरंगायला शिकवा, कारण मुलगी नदीत पडेल तेव्हा ती पोहण्याच्या कपड्यांत नसेल.

आणि वांगणीत दृष्टिहीन कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांना वगळू नका. १७ एप्रिल २०२१ ला आपल्या स्टेशनात दृष्टिहीन आईच्या हातून निसटून रुळावर पडलेल्या मुलाला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी गाडीसमोर धावत जाऊन वाचवलं. नदीकाठी असं ड्युटीवर कोणी नसतं. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांना दिसत नाही, पण २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं सुवर्णपदक त्यांनी आणलं. न दिसणाऱ्या पोहणाऱ्याला भिंत जवळ आली की काठावरचा माणूस मऊ टोकाच्या काठीने हलकेच स्पर्श करतो. बांबूच्या मंचावर हे सहज जमेल. यावर अजून पुष्कळ सांगण्यासारखं आहे, पण घड्याळ पुढे गेलंय.

पुन्हा सांगते, तीस सेकंद, उताणं, अंग सैल. शिबिरवाल्यांना विचारा, हे शिकवता का?

एक मिनिट उरलंय, तर हे ऐका. मूल बुडताना दिसलं तर पोहता येत नसताना उडी घेऊ नका, एकामागे दुसरा जातो तो असाच. साडी, दोरी, काठी, जे असेल ते फेका. बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून गरगर फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. छाती कशी दाबायची ते हाताने दाखवावं लागतं, रेडिओवर नाही सांगता येत, आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, ते दाखवतील. आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन लांब दोरीला बांधून दाराशी ठेवावा. झाकण मात्र घट्ट बसवलेलं हवं, आणि दोरी सुती नको, ती भिजली की जड होते, नायलॉनची घ्या.