कुठे चाललीस, कोणाबरोबर, परत कधी येशील?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघी, एक वकील आणि एक समुपदेशक, आज ज्या विषयावर बोलणार आहोत तो आपल्या मांडवात फारसा निघत नाही. मंडळाने तो ठेवू दिला, त्याबद्दल आधी आभार. मोबाइलवरच्या डेटिंग अ‍ॅपवरून जोडीदार शोधणाऱ्या ट्रान्सजेंडर स्त्रियांचा मान आणि जीव कसा राखायचा, आणि त्यांना भेटणाऱ्या मुलांनी कसं वागायचं, हा तो विषय.

ट्रान्सजेंडर स्त्री म्हणजे जन्माच्या वेळी जिची नोंद मुलगा म्हणून झाली, पण जी स्वतःला स्त्री म्हणून ओळखते आणि तशी जगते. मराठीत तिला पारलिंगी स्त्री असंही म्हणतात. तृतीयपंथी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिग्नलवर टाळी वाजवणारी व्यक्ती येते. पण आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मुलींत बँकेत काम करणाऱ्या आहेत, संगणकावर काम करणाऱ्या आहेत, शिकवण्या घेणाऱ्याही आहेत. त्यांतल्या काही आपल्याच, पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेल्या मराठी घरांतल्या आहेत.

आपल्याकडे लग्नं कशी जमत आली ते आठवा. दांडिया बाजारातल्या मावशींनी स्थळ सुचवायचं, रावपुऱ्यातल्या काकांनी मुलाच्या ऑफिसात चौकशी करायची, मग कांदेपोहे. या पद्धतीत दोष होतेच, पण एक गोष्ट चोख होती. मुलगी कुणाला भेटते आहे हे दहा माणसांना ठाऊक असायचं. आज आपल्या मुलामुलींची ओळख अ‍ॅपवर होते, तरी घरातून निघताना आई विचारतेच, "कुठे चाललीस, कोणाबरोबर, परत कधी येशील?" मुलगी वैतागते, पण उत्तर देते. नऊ वाजून गेले की फोन वाजतो. हे तीन प्रश्न म्हणजे आपली सर्वांत जुनी सुरक्षाव्यवस्था आहे. पारलिंगी मुलीला बहुधा हे प्रश्न विचारणारं कुणी नसतं, आणि तिला फसवू पाहणाऱ्याला तेवढं पुरतं.

एका मुलीची हकीकत, तिच्या परवानगीने आणि नावगाव न घेता सांगतो. अ‍ॅपवर ओळख झाली, महिनाभर गोड बोलणं झालं. त्याने शहराबाहेरच्या एका फ्लॅटवर बोलावलं. तिथे आणखी तिघे होते. त्यांनी मारहाण केली, व्हिडिओ काढला, आणि तो घरी पाठवण्याची धमकी देऊन तिच्याच मोबाइलवरून पैसे वळते करून घेतले. पुढचे दोन महिने ती पैसे देत राहिली. पोलिसांत का गेली नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, "पोलिसांना सांगितलं असतं. पण मग ते घरी कळलं असतं." तिला त्या चौघांपेक्षा आपल्या घराची भीती जास्त वाटत होती.

आता व्यवहाराचं बोलू. आम्ही या मुलींना जे सांगतो ते इथेही सांगतो, कारण यातलं बरंचसं कुणाच्याही मुलीला उपयोगी आहे.

भेटण्याआधी व्हिडिओ कॉल करावा. जो सतत टाळतो, त्याला भेटू नये. प्रोफाइलवरचा फोटो इंटरनेटवर शोधून पाहावा, चोरलेला असेल तर बहुतेकदा कळतं. पहिली भेट दिवसाउजेडी आणि माणसांत घ्यावी. आपल्या सयाजीबागेइतकी चांगली जागा कुठली? जाणं-येणं स्वतःच्या वाहनाने किंवा स्वतः बोलावलेल्या रिक्षाने करावं. एका विश्वासू माणसाला त्याचं नाव, फोटो, नंबर आणि ठिकाण कळवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास चालू ठेवता येतं, ते चालू ठेवावं. ऐन वेळी जागा बदलून "रूमवरच ये" म्हणाला, तर सरळ घरी परतावं. घरचा पत्ता, नोकरीचं ठिकाण आणि खाजगी फोटो लवकर देऊ नयेत.

आपण पारलिंगी आहोत हे कधी सांगायचं, हा प्रश्न प्रत्येक मुलगी विचारते. प्रोफाइलवर लिहायचं की नाही, हा सर्वस्वी तिचा निर्णय. मात्र प्रत्यक्ष भेटीआधी, फोनवर किंवा लिहून सांगितलेलं बरं, असं आम्ही सुचवतो. यात तिने कुणाची परवानगी मागायची नाही. समोरचा भडकलाच, तर तो फोनच्या पलीकडे असावा, बंद खोलीत समोर नसावा, एवढाच हेतू.

आणि तिने सांगितलं की ती तुमच्याकडे ठेव असते. तो स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे तिची नोकरी, तिची भाड्याची खोली आणि कदाचित तिचा जीव धोक्यात घालणं.

आता मुलांकडे वळतो. तरुण मंडळी मागे उभी आहेत, ती दिसताहेत आम्हाला.

एखादी मुलगी आवडली, ती पारलिंगी आहे असं कळलं, आणि पुढे जायचं नसेल, तर "मला पुढे जायचं नाही, शुभेच्छा" एवढं म्हणा. नकार द्यायचा अधिकार सगळ्यांना आहे, शिवी द्यायचा कुणालाही नाही. पुढे जायचं असेल, तर तिचं जुनं नाव, जुने फोटो, ऑपरेशन झालं का, हे पहिल्याच गप्पांत विचारू नका. मुलगी पाहायला गेल्यावर पोह्यांच्या बशीबरोबर तिच्या दवाखान्याचे कागद मागतो का आपण? ओळख वाढली की जे सांगायचं ते ती सांगेल. "अगदी खऱ्या बाईसारखी दिसतेस" हे कौतुक म्हणून म्हणू नका. ती बाईच आहे. रात्री बारानंतरच मेसेज करायचे आणि दिवसा बाजारात दिसली तर तोंड फिरवायचं, असं वागू नका. कौतुकाच्या, कुतूहलाच्या आड तिला वापरलं जातं आहे, हे तिला पहिल्या आठवड्यात कळतं.

मुलांनाही धोका आहे. आमच्याकडे एक तरुण आला होता. खोट्या प्रोफाइलवर त्याने गप्पा मारल्या होत्या, आणि आता "तुझ्या वडिलांना दाखवू" म्हणून त्याच्याकडे पैसे मागितले जात होते. त्यानेही तेच सांगितलं, घरी कळू नये. दोघांच्याही गुपिताचीच खंडणी वसूल होत होती.

असं झालं तर पैसे देऊ नका. दिले तरी मागणी थांबत नाही. काही डिलीट करू नका. नंबर, तारीख आणि व्यवहार दिसतील असे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कुठल्याही पोलीस ठाण्याला झिरो एफआयआर नोंदवावी लागते.

कायदा कुठवर आला आहे, तेही थोडक्यात. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या लढ्यात लक्ष्मी नारायण त्रिपाठी आणि गौरी सावंत या महाराष्ट्रातल्या दोघी होत्या. 22 एप्रिल 2019 रोजी मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’ या शब्दात पारलिंगी स्त्रीही येते. पुढे 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही स्त्री-पुरुष नात्यातल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींना प्रचलित कायद्यांनुसार लग्न करता येतं, हे मान्य केलं. म्हणजे ‘हे सगळं टाइमपास असतं’ असं म्हणायला आता जागा नाही. या मुलीही घर मांडायलाच निघालेल्या असू शकतात.

लग्नाच्या बाबतीत नवं काही ऐकण्याची सवय बडोद्याला आहे. सयाजीरावांनी 1904 साली बालविवाहाला बंदी घातली आणि 1931 साली घटस्फोटाचा कायदा केला. त्या वेळच्या आपल्या पणज्या-पणजोबांच्या घरांत काय खळबळ उडाली असेल! पुढे ते सगळं अंगवळणी पडलं.

आईवडिलांना एवढंच सांगतो. सगळं एका दिवसात समजायला हवं, असं आम्ही म्हणत नाही. रडू येईल, राग येईल, नातेवाईक बोलतील. तुमच्याच्याने बोलणं होत नसेल तर घरातल्या एखाद्या मावशीने, आत्याने, वहिनीने पुढे व्हावं. तिला तिने निवडलेल्या नावाने हाक मारावी आणि सांगावं, "रात्री कितीही वाजता फोन कर, मी घ्यायला येईन. काय झालं ते उद्या बोलू." मघाच्या त्या मुलीला अखेर तिच्या आत्याने साथ दिली. दोघी मिळून पोलीस ठाण्यात गेल्या, आणि त्या दिवसापासून पैसे देणं थांबलं. तक्रारीचं काम अजून चालू आहे.

दोन दिवसांनी घरोघरी गौरी येतील. माहेरवाशीण म्हणून आपण त्यांना हळदीकुंकवाच्या पावलांवरून आत घेऊ, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवू. माहेर असलेल्या मुलीच्या वाटेला जाताना चार माणसं विचार करतात. तुमच्या नात्यात, ओळखीत अशी एखादी मुलगी असेल, तर यंदा तिला जेवायला बोलवा. आणि ती निघताना तेच तीन प्रश्न तिलाही विचारा.

गणपती बाप्पा मोरया!