कोणतं ग्राफीन?

मिनिटं मोजकीच आहेत आणि त्यातली बरीचशी मी एकाच प्रश्नावर घालवणार आहे. प्रश्न असा : कोणतं ग्राफीन?

2004 साली मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह या शास्त्रज्ञांनी चिकटपट्टीनं ग्राफाइटचे पदर सोलले, 2010 साली नोबेल मिळालं, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ग्राफीन म्हणजे त्यातला एका अणूच्या जाडीचा पदर. दोन्ही बाजू धरल्या तर ग्रामभर ग्राफीनचा पसारा हिशेबानं 2630 चौरस मीटर, म्हणजे सव्वीस गुंठे! एवढ्या अंगणात औषध मावणारच. 2008 साली स्टॅनफर्डमध्ये पाण्यात न विरघळणारं कर्करोगाचं औषध ग्राफीन ऑक्साइडवर बसवून पेशींत पोहोचवलं, तेव्हापासून ग्राफीनवरून औषध नेण्याची आशा वाढली.

पण ऑक्साइड म्हणजे साधं ग्राफीन नव्हे. वाण्याकडे गेल्यावर आपण नुसता ‘पापड’ मागतो का? उडदाचा की नाचणीचा, मोठा की मिरगुंडाएवढा, हे विचारतोच ना! लहान पोराच्या तोंडात अख्खा पापड कोंबा. त्याला गिळवत नाही आणि थुंकवतही नाही. फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशींचं ग्राफीनच्या मोठ्या पत्र्यापुढे तसंच होतं, आणि मग दाह सुरू होतो. मोडक्या पापडाची कड हिरडीला टोचते, तशी या पत्र्याची कड पेशीच्या आवरणात घुसू शकते. शिवाय बनवताना वापरलेली रसायनं नीट धुतली नसतील, तर दोष पापडाचा की तेलाचा?

म्हणून पुन्हा विचारतो, कोणतं? 2024 साली ब्रिटनमध्ये चौदा स्वयंसेवकांनी सायकल चालवता चालवता, दोन-दोन तास, अतिशुद्ध ग्राफीन ऑक्साइड हुंगलं. फुप्फुसं, रक्तदाब ठीक राहिले. छान! पण म्हणून ‘ग्राफीन सुरक्षित’ असा मथळा देणाऱ्यांचा मला राग येतो. ‘ग्राफीन विषारी’ म्हणणाऱ्यांचाही तेवढाच. ते अतिशुद्ध होतं, चौदाच माणसं होती आणि वेळ थोडा होता. सुईनं रक्तात सोडलं तर ते यकृतात, प्लीहेत किती दिवस मुक्काम करतं, हा तर... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण करताहेत, तेव्हा तो प्रश्न राहू द्या.

कॅनडाचं मात्र सांगतोच. 2021च्या एप्रिलमध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं ग्राफीनचे मास्क वापरू नका म्हणून बजावलं आणि जुलैत त्यातले काही तपासून पुन्हा विकू दिले. सरसकट सगळे नव्हे, तपासलेले तेवढेच. तुमच्या हाती अशा मास्कचं पाकीट आलं, तर आधी मागची बाजू वाचा. तिथे नुसतंच ‘ग्राफीन’ लिहिलेलं असेल, तर ते परत ठेवा.