उशाशी बसणारं माणूस



केडगावात गावोगावच्या मंडळ्यांचं स्वागत करायचं तर पंडिता रमाबाईंचं नाव आधी ओठांवर येतं. 1874 च्या दुष्काळात काही आठवड्यांच्या अंतरानं त्यांचे आईवडील गेले, मागोमाग बहीण. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली त्यांनी शोधून आणल्या, त्या इथं, या माळावर. उपासमार बाईंच्या स्वतःच्या पोटानं भोगलेली होती. अशाच निराधार मुली पुढे बाईंच्या ‘मुक्ती’ आश्रमाच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. उलट्या अक्षरांचे, एकेक काना, एकेक वेलांटी. 1921 मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक. तरी हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं भाषांतर बाईंनी सोडलं नाही. 1922 मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. छापील ग्रंथ 1924 मध्ये आला.

आत्मिक युद्ध म्हटलं की मला दुःखातही न थांबलेला तो छापखाना दिसतो. सैतान आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्याला धमकावण्याचा आवाज आपण फार वाढवलाय. पौलानं शस्त्रसामग्रीबद्दल लिहिलं ते बेड्यांत असताना, आणि मंडळीला बजावलं ते टिकून उभं राहायला.

माझी पत्नी डायलिसिसवर होती. भेटायला आलेल्या एका भावानं मोठ्यानं प्रार्थना केली आणि निघताना म्हणाला, “ताई, विश्वास कमी पडतोय. घरात काही पाप लपलंय का बघा.” ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दोन दिवस तिनं बायबल उघडलं नाही. वैऱ्याचा जळता बाण तो हाच, आणि तो आपल्याच माणसाच्या तोंडून सुटला होता.

तिसऱ्या दिवशी मंडळीतल्या एक आजी आल्या. तिच्या सुजलेल्या पायांना हलक्या हातानं खोबरेल लावलं, चष्मा चढवला आणि 88 वं स्तोत्र वाचलं. ते स्तोत्र अंधारातच संपतं. मात्र त्यातलं सगळं गाऱ्हाणं देवापुढेच मांडलेलं आहे. पत्नी म्हणाली, “असंही बोलता येतं होय त्याच्याशी?” त्या रात्री ती पुन्हा प्रार्थनेला बसली. आजार हटला नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. पुनरुत्थानाच्या दिवशी भेटू, हे जाताना तिनंच मला सांगितलं; धीर मी तिला द्यायचा होता.

म्हणून यंदा आम्ही एक सोय केली आहे. मांडवाच्या उजवीकडची खोली रात्रीच्या सभेनंतर दहापर्यंत उघडी राहील. ज्याला बोलायचंय, रडायचंय, नुसतं बसायचंय, त्यानं यावं. तिथल्या भगिनींना एवढंच सांगितलंय की उपदेश करू नका, कारण विचारू नका. चहा आहे, पाणी आहे. त्या आजीही तिथंच बसणार आहेत.

अध्यक्ष महोदयांनी आता सभेची सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.