मुक्या जिवाची फिर्याद

प्राण्यांच्या छळाचा विषय निघाला म्हणजे सामान्यतः डोळ्यांपुढें उभा राहतो तो चढावर अडकलेला, वाजवीपेक्षां अधिक ओझें ओढणारा टांग्याचा घोडा. मारणारा दरिद्री आणि मार खाणारा हाडकुळा, असें तें चित्र असतें. परंतु ज्या घोड्याची किंमत एखाद्या वाड्याहूनही अधिक, ज्याच्या दिमतीला स्वतंत्र मोतद्दार, नालबंद आणि वैद्य, त्या घोड्यालाही चाबकाचा मार चुकत नसेल, ही कल्पना सहसा मनाला शिवत नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत मात्र युरोपांतील श्रीमंती अश्वारोहणक्रीडेवर नेमका हाच आरोप पुनःपुन्हा आला आहे.

या क्रीडेंतील सर्वांत नाजूक प्रकार म्हणजे ड्रेसाज. या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळीं 'शिक्षण' असा आहे. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा मैदानांत घोडा तालावर पावलें टाकतो, तिरपा चालतो, जागच्या जागीं दुडकतो. आणि परीक्षक प्रत्येक हालचालीस शून्यापासून दहापर्यंत गुण देतात. स्वाराचा इशारा प्रेक्षकाला दिसूं नये व घोडा जणूं आपल्याच आनंदानें नाचत आहे असें वाटावें, ही या कलेची कसोटी. १९१२ च्या स्टॉकहोम येथील सामन्यांपासून ऑलिंपिकमध्यें तिला स्थान आहे. तिचा वारसा त्याहून कितीतरी जुना. घोड्याशीं रागाच्या भरांत कधींही वागूं नये, हा उपदेश ग्रीक सेनानी झेनोफॉन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच लिहून ठेविला होता.

या पार्श्वभूमीवर २०२४ च्या जुलै महिन्यांत जें घडलें तें लोकांना विशेष धक्का देणारें होतें. इंग्लंडच्या शार्लट डुजार्डिन या ऑलिंपिकमधील तीन सुवर्णपदकांच्या मानकरी. लंडन आणि रिओ येथें 'व्हॅलेग्रो' या घोड्यावर त्यांनीं मिळविलेले विजय सौम्य स्वारीचा आदर्श म्हणून दाखविले जात. पॅरिस येथील सामन्यांचें उद्घाटन अवघ्या कांहीं दिवसांवर आलें असतां एक चित्रफीत आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या हातीं आली. तींत शिष्या घोड्यावर बसलेली आहे आणि गुरु जमिनीवर उभ्या राहून लांब चाबकानें घोड्याच्या पायांवर पुनःपुन्हा फटके मारीत आहेत, असें दिसत होतें. डुजार्डिन यांनीं तें कृत्य आपलेंच असल्याचें मान्य केलें, त्याबद्दल लाज व्यक्त केली आणि सामन्यांतून माघार घेतली. पुढें महासंघानें त्यांच्यावर एक वर्षाची बंदी घालून दहा हजार स्विस फ्रँक दंड केला.

ही शिक्षा पुरेशी होती कीं नव्हती, यावर मतभेद होऊं शकेल. परंतु त्याहून मोठा प्रश्न निराळाच आहे. ती घटना मैदानावरील नव्हती. खाजगी पागेंतील होती, आणि उघडकीस येण्यापूर्वीं सुमारें चार वर्षें दडून राहिली होती. म्हणजे परीक्षक ज्या कृतीला गुण देतात ती घडते एकीकडे, आणि त्या कृतीची किंमत वसूल होते दुसरीकडे, बंद दाराआड. फळ तेवढें सर्वांना दिसतें. झाड कोणत्या पाण्यावर वाढलें तें कोणी विचारीत नाहीं.

शिवाय, कित्येकदां खुद्द गुणांची पद्धतिच या दडपशाहीला उत्तेजन देत आली आहे. घोड्याचें नाक लंबरेषेच्या किंचित् पुढें असावें, असें महासंघाचा नियम सांगतो. तरीही मान वांकवून हनुवटी छातीकडे ओढलेल्या घोड्यांना अनेक वर्षें भरघोस गुण मिळत राहिले. २००९ सालीं डेन्मार्कमधील एका स्पर्धेच्या सरावांत अशा ओढीखालीं एका घोड्याची जीभ निळी पडल्याचें चित्रफितींत दिसलें व जगभर काहूर उठलें. तेव्हां कोठें २०१० सालीं महासंघानें बळजबरीनें मान वांकविण्याची ती रीति निषिद्ध ठरविली. नियमाला जें नको, त्यालाच परीक्षक गुण देत असतील, तर शिक्षक नियमाचें ऐकणार कीं गुणांचें?

येथें कोणी म्हणेल कीं, एवढें दुःख होत असेल तर घोडा बंड कां करीत नाहीं? याचें उत्तर त्याच्या स्वभावांत आहे. घोडा हा हिंस्र पशूंचें भक्ष्य होऊन वाढलेल्या वंशांतला प्राणी. दुखणें दाखविणारा आधीं मारला जातो, म्हणून तें लपविणें त्याच्या रक्तांतच आहे. त्याची कातडी जाड असते, हाही समज फसवा आहे. २०२० सालीं ऑस्ट्रेलियांत झालेल्या अभ्यासांत त्याच्या त्वचेच्या वरच्या थरांतील वेदना जाणणारे तंतु माणसापेक्षां विरळ नसल्याचें आढळलें. इंग्लंडच्या पशुवैद्या स्यू डायसन व त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं स्वार पाठीवर असतांना दिसणाऱ्या चोवीस लक्षणांची यादी प्रसिद्ध केली. कान मागें पाडणें, तोंड उघडें राहणें, शेपूट सारखें झोडणें, हीं त्यांतलींच. अशीं आठ किंवा अधिक लक्षणें एकत्र दिसलीं, तर सांधे वा स्नायू दुखत असण्याचा संभव दाट मानावा. घोडा बोलतो; ऐकणाराला ती भाषा यावयास हवी.

ती भाषा न ऐकल्याचा परिणाम २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्यें सर्वांनीं पाहिला. आधुनिक पंचक्रीडा स्पर्धेंत घोडा चिठ्ठी टाकून दिला जाई आणि ओळख करून घेण्यास स्वाराला अवघीं वीस मिनिटें मिळत. आघाडीवर असलेल्या जर्मन स्पर्धक आनिका श्लॉय यांच्या वाट्यास 'सेंट बॉय' हा घोडा आला. तो उडी घेईना. स्वार रडकुंडीस आल्या. त्यांच्या प्रशिक्षिकेनें 'मार' म्हणून ओरडत स्वतः घोड्याला बुक्की मारली. प्रशिक्षिकेची स्पर्धेंतून हकालपट्टी झाली. आणि पॅरिसनंतर त्या पंचक्रीडेंतून घोडेस्वारीच वगळण्याचा निर्णय झाला. एका बुक्कीनें जवळजवळ शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा मोडली, असें म्हणण्यापेक्षां, ती आधींच पोकळ झाली होती हें त्या बुक्कीनें दाखविलें, असें म्हणणें अधिक न्याय्य होईल.

न्यायाची दुसरी बाजूही सोडतां येत नाहीं. क्षणाचें एखादें छायाचित्र खरें असूनही दिशाभूल करूं शकतें. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. आणि घोड्यावर जीव लावणारे, त्याच्या आजारपणांत रात्र रात्र जागणारे स्वार व मोतद्दार थोडे नाहींत. अशा सज्जनांचें नांव राखण्यासाठींच कडक तपासणीची गरज आहे. २०२५ पासून महासंघानें नाकपट्टी किती आवळली आहे तें मोजण्याचें एकसारखें साधन लागू केलें. पूर्वीं जें तपासनिसाच्या बोटांच्या अंदाजावर चाले, तें आतां मापानें ठरतें. मार्ग योग्य आहे. पण तपासणीची पावलें मैदानापाशींच न थांबतां पागेच्या दारापर्यंत गेलीं पाहिजेत, आणि भयानें आखडलेल्या घोड्याचे गुण निर्दयपणें कापले गेले पाहिजेत. क्रौर्यानें पदक मिळत नाहीं असें एकदां ठरलें, म्हणजे चाबूक आपोआप खुंटीला लागेल.

या प्रश्नाशीं भारताचा संबंध नाहीं असें समजूं नये. २०२३ सालीं हांग्झो येथील आशियाई सामन्यांत ड्रेसाजच्या सांघिक स्पर्धेंत भारतानें सुवर्णपदक जिंकलें, व त्या चौघांत मुंबईचे हृदय छेडा हेही होते. तो आनंद रास्तच होता. त्यानंतर ही क्रीडा आपल्या घरांतील पडद्यावरही पाहिली जाऊं लागली. ती पाहतांना प्रेक्षकानें स्वाराच्या झळाळत्या बुटांकडे पाहण्यापूर्वीं क्षणभर घोड्याचे कान, त्याचें तोंड आणि त्याचें शेपूट पाहावें. स्पर्धेंत नांव घालतांना घोड्याची संमति कोणीच विचारलेली नसते. पाहणारानें निदान त्याची साक्ष तरी ऐकावी.