रझाकारी काळातील मुलींची शाळा


१९४८ साली आपला बीड जिल्हा निजामी राजवटीत होता. रझाकारांच्या भयाने अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर, अहमदनगरकडे गेली. माझ्या मातोश्रींच्या मुलींच्या शाळेत वर्ग रोज विरळ होत गेला. हजेरीत उपस्थितांपेक्षा अनुपस्थितच अधिक. शेवटी आईचेही दप्तर खुंटीला लागले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मामांच्या पाट्या पुन्हा निघाल्या, आईची निघाली नाही. तिच्या लग्नाचे ठरले होते. पाच दिवसांत युद्ध संपले, तिचे शिक्षण मात्र कायमचे थांबले.

आजही ऊसतोडीच्या स्थलांतरात जिल्ह्यातील मुलींची शाळा सुटते. सम्यक् ज्ञान हे आपल्या रत्नत्रयातील एक रत्न. ते प्रत्येक कन्येच्या हाती देण्याचा संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षी करू या.