श्यामच्या आईचा निरोप

‘श्यामची आई’ म्हटलं की साने गुरुजींच्या पुस्तकाबरोबर आपल्या नगरकडच्या पुष्कळांच्या डोळ्यांपुढं एक चेहराही उभा राहतो. तो वनमालाबाईंचा.

त्यांचं मूळ नाव सुशीला पवार. ग्वाल्हेरच्या प्रतिष्ठित मराठा घराण्यातल्या या बाई बी. ए. झाल्या, पुण्यात त्यांनी शिक्षिकेचं काम केलं. पुढं त्या चित्रपटात शिरल्या. घरचा रोषही सोसला. १९४१ साली ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर त्या नायिका होत्या. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यांना श्यामची आई केलं, आणि त्या बोलपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं.

एवढं यश पदरात असताना बाईंनी चित्रसृष्टीचा निरोप घेतला. वृंदावनात भक्ती आणि संगीत यांच्या सहवासात त्या साधेपणानं राहिल्या. २००७ च्या मे महिन्यात ग्वाल्हेरला त्या वारल्या.

कुणी याला हार म्हणेल. मला तसं वाटत नाही. विरोध सोसून गड चढायला जेवढं धैर्य लागतं, तेवढंच माथ्यावरून आपल्या पायांनी उतरायलाही लागतं.

गुरुजी, बाई, तुमच्या वर्गातली एखादी मुलगी स्नेहसंमेलनात काम करायचं म्हणेल, तेव्हा तिच्या घरी जाऊन दोन शब्द बोला. आणि उद्या तीच ‘आता पुरे’ म्हणाली, तर तिला भित्री म्हणू नका.