पिकअपचा टायर किती मोठा असावा?



सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की अहमदपूरच्या मोंढ्याकडे येणाऱ्या रस्त्यांवर पिकअप गाड्यांची वर्दळ वाढते. किनगाव, हडोळती, शिरूर ताजबंद, सगळीकडून कट्टे भरून गाड्या येतात. याच गाड्या पुढे हाळीच्या बाजाराला जनावरं नेतात, माळेगावच्या यात्रेला दुकानांचं सामान नेतात, लग्नसराईत मंडप वाहतात. आपल्या भागातल्या कितीतरी तरुणांचा संसार या एका गाडीच्या भाड्यावर चालतो.

परतीच्या पावसानं काळी माती भिजली की हीच गाडी पाणंदीत रुतते. मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. असं दोन-चारदा झालं की मालक ठरवतो: टायर झिजलेच आहेत, तर आता कंपनीच्या मापापेक्षा मोठे टाकू. गाडी उंच होईल, चिखलातून निघेल आणि मालही जास्त बसेल. या तिन्ही अपेक्षा आज आपण एकेक करून तपासू.

पहिली अपेक्षा उंचीची. टायरच्या बाजूवर माप लिहिलेलं असतं. समजा ते २१५/७५ आर १५ आहे. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, ही रुंदीच्या ७५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. हिशेब केला तर पूर्ण टायरची उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते. त्याऐवजी २३५/७५ आर १५ टाकला, तर ती सुमारे ७३३ होते. म्हणजे टायर ३० मिलिमीटरनं वाढला. पण गाडी मात्र त्याच्या निम्मीच उचलली जाते, कारण निम्मी वाढ एक्सलच्या वर जाते. हातात आलं काय? जेमतेम दीड सेंटिमीटर. पाणंदीतली चाकोरी वीतभर खोल असेल, तर दीड सेंटिमीटरनं काही साधत नाही.

या दीड सेंटिमीटरची किंमत मात्र रोज मोजावी लागते. चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठं झालं, की इंजिनाची ओढ जमिनीवर साधारण तेवढीच कमी पोचते. भरलेली गाडी बालाघाटाचा चढ चढताना एक गियर आधीच खाली घ्यावा लागतो आणि क्लचप्लेटवर ताण येतो. ब्रेकचंही तसंच. पायाचा जोर तोच, ड्रम तोच, पण चाक मोठं, म्हणून गाडी थांबवणारी ताकद कमी पडते. मीटर ६० दाखवत असेल, तेव्हा गाडी आधीपेक्षा अडीच किलोमीटरनं जास्त वेगात असते. लातूर-नांदेड महामार्ग चौपदरी झाल्यापासून गाड्यांचा वेग वाढला आहे. अशा रस्त्यावर ब्रेक कमी आणि वेग जास्त ही जोडी धोक्याची आहे. शिवाय पूर्ण वळण घेताना पुढचा टायर मडगार्डला घासतो, आणि माल भरून पाटे दबले की मागचा टायर बॉडीला लागतो. असा घासलेला टायर बाजूनं कापला जातो आणि मग तो कुठं फुटेल ते सांगता येत नाही.

दुसरी अपेक्षा चिखलातून निघण्याची. इथं मापापेक्षा नक्षी महत्त्वाची आहे. आपली काळी माती ओली झाली की कमालीची चिकट होते. रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या अरुंद खाचा चार फेऱ्यांत मातीनं भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन घसरतो. रुंद आणि खोल खाचांचा लग टायर फिरता फिरता माती बाहेर फेकतो आणि पुन्हा पकड घेतो. वरचा थर ओला आणि खाली जमीन टणक असेल, तर अरुंद टायर तो थर कापून खाली पकड घेतो. रुंद टायर मात्र वरच्या वर सरकतो. म्हणून शेताची वाट रोजची असेल, तर कंपनीच्याच मापात मागच्या दोन्ही चाकांना लग नक्षी घ्या, कारण आपल्या बहुतेक पिकअपची ओढ मागच्या चाकांवर असते. ज्यांचं भाडं मुख्यतः डांबरी रस्त्यावरचं आहे, त्यांनी ही नक्षी घेऊ नये. डांबरावर ती आवाज करते आणि लवकर झिजते.

तिसरी अपेक्षा जास्त मालाची, आणि इथंच सर्वांत मोठी फसगत होते. टायरच्या मापाशेजारी आणखी एक आकडा असतो, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. आता पाहा, जीपगाडीसाठी बनवलेल्या २३५ रुंदीच्या टायरवर १०५ असू शकतं आणि मालवाहू गाडीसाठी बनवलेल्या २१५ रुंदीच्या टायरवर १०६. म्हणजे दिसायला मोठा असलेला टायर वजन कमी पेलतो! वजन खरं तर रबर पेलत नाही, आत दाबून भरलेली हवा पेलते. ती हवा किती दाबानं धरून ठेवता येईल, हे टायरच्या आतल्या थरांच्या मजबुतीवर ठरतं. म्हणून दुकानात ‘मोठा द्या’ म्हणण्याऐवजी लोड इंडेक्स विचारा आणि थरांची मजबुती सांगणारं प्लाय रेटिंग विचारा. टायर कितीही दणकट घेतला, तरी गाडीचे पाटे, एक्सल आणि ब्रेक तेच राहतात. गाडीनं किती माल न्यायचा, ते टायरवरून ठरत नाही. ते आरसी बुकात लिहिलेलं असतं. त्याहून जास्त माल भरला तर २० हजार रुपये दंड, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनानं बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. तुमच्या मॉडेलला कंपनीनंच दुसरं माप दिलं असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत ते सापडेल. बदलायचंच तर तेच माप घ्यावं.

मग पैसे कुठं घालावेत? टायरवर आयएसआय चिन्ह पाहा. डॉट या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे पाहा. तिथं २३२४ असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. एका एक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे ठेवा, स्टेपनीही त्याच मापाची ठेवा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की तो टायर काढलाच पाहिजे.

आणि हवा. ती सकाळी, गाडी थंड असताना तपासा. कमी हवेचा टायर चालताना दबतो, उलगडतो आणि आतून तापतो. मे महिन्यात डांबर पोळत असताना, गाडी भरलेली असताना असा टायर फुटतो. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा दाब वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

पिकअपवाल्या भावांनो, कंपनीचं माप सोडू नका. टायर घ्यायला निघण्याआधी गाडीवरचं माप, लोड इंडेक्स आणि हवेचा दाब या तीन गोष्टी एका कागदावर लिहून घ्या आणि दुकानदाराकडे त्याच मागा. तुमच्या गाडीत शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक असतं, हौद्यात कधी माणसंही बसलेली असतात. माणसं हौद्यात बसवू नका, आणि माल भरण्याआधी चारही टायरांकडे एकदा नीट पाहा.